अडीच तोळ्यांचा टालर आणि हिणकस चिल्लर

हार्झकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मागे कुणाच्या तरी धाग्यावर मी ओघात लिहून गेलो की डॉलर हे मुळात एका दरीचं नाव आहे. त्यावर 'स्वतंत्र धागा काढा, नाहीतर विधान मागे घ्या' असा शंकासुराचा आदेश आला. दोन महिने चालढकल केली, आज बसलोय लिहायला.

मी राहतो ते गाव जर्मनीतल्या हार्झ डोंगराच्या पायथ्याशी आहे. रविवारी रानात भटकायला गेलं की चांदीच्या जुन्या खाणींची तोंडं लागतात, खाणीतलं पाणी उपसणारी चाकं फिरवण्यासाठी बांधलेले तलाव आणि पाट लागतात. तीन वर्षांपूर्वी एका नाणेबाजारात झिजलेला एक टालर (चांदीचं जुनं मोठं जर्मन नाणं) घेतला आणि घरी येऊन कणीक मोजायच्या काट्यावर ठेवला. २९ ग्रॅम. हात सवयीनं तोळ्याकडे वळला: अडीच तोळे! आपला मोगली रुपया जेमतेम एक तोळ्याचा. मग प्रश्न पडला, चांदीचा एवढा थोरला तुकडा नाणं म्हणून पाडायची गरज कुणाला पडली असेल?

गरज पडली सोन्याच्या टंचाईतून. पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशात मोठा व्यवहार ऱ्हाइनकडच्या सोन्याच्या गुल्डेनमध्ये व्हायचा आणि चांदीची नाणी लहानखुरी असायची. पण टिरोलचा (आजच्या ऑस्ट्रियाकडचा डोंगराळ मुलूख) आर्चड्यूक सिगिसमुंड याच्याकडे सोनं नव्हतं, श्वात्सच्या खाणींची चांदी मात्र उदंड होती. १४८६ मध्ये त्याने हाल गावच्या टांकसाळीत एका सोन्याच्या गुल्डेनच्या, म्हणजे ६० क्रॉयत्सरच्या (हे चांदीचं लहान नाणं) किमतीएवढी चांदी एकाच नाण्यात घातली. हा गुल्डिनर. सिगिसमुंडला लोक 'नाण्यांचा धनी' म्हणायचे, पण गडी इतका उधळा होता की १४९० मध्ये कर्जापायी गादी सोडावी लागली. नाण्यांचा धनी आणि कर्जबाजारी, दोन्ही एकाच वेळी होता येतं तर!

१५०० पासून सॅक्सनीनेही तसंच नाणं काढलं. त्यावरच्या राजपुत्रांच्या डोक्यावर दुमडलेल्या काठाच्या टोप्या आहेत, म्हणून त्याला 'टोपीवाला टालर' म्हणतात. पण नाव रूढ झालं ते तिसऱ्याच ठिकाणी. बोहेमियाच्या हद्दीत, सॅक्सनीला लागून असलेल्या एका दरीत चांदी सापडली. १५१६ मध्ये तिथे गाव वसलं. संत योआखिमच्या नावावरून ते योआखिम्सटाल. टाल म्हणजे दरी. जमीन श्लिक नावाच्या सरदार घराण्याची. त्यांनी १५२० च्या सुमारास मोठी नाणी पाडायला घेतली: एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. नाणी इतकी निघाली की लोक त्यांना 'योआखिम्सटालर' म्हणू लागले. जीभ आळशी असते, पुढचा भाग गळला आणि 'टालर' उरला. डच लोकांनी त्याचा 'डालर' केला, इंग्रजांनी 'डॉलर', आणि १७९२ मध्ये अमेरिकेने ते नाव कायद्यात घातलं. शंकासुरा, झालं समाधान?

ते गाव आज चेक देशात आहे, नाव याखिमॉव्ह. चांदी उपसताना जो जड काळा दगड खाणकाम करणारे कपाळाला हात लावून फेकून द्यायचे, त्याच दगडाच्या चोथ्यातून पुढे मारी क्युरींनी रेडियम काढलं.

आता मुद्द्यावर येतो. जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य नावाची मोट होती आणि तिच्यात शेकडो संस्थानं: राजे, ड्यूक, बिशप, मठ, स्वतंत्र नगरं. यांतल्या ज्याच्याकडे टांकसाळीचा हक्क, तो नाणं पाडणार. हा गोंधळ आवरायला १५२४, १५५१ आणि १५५९ असे तीन साम्राज्यव्यापी नाणे-कायदे झाले. १५६६ मध्ये ऑग्सबुर्गच्या सभेत ठरलं की टालर सगळ्यांनी एकाच मापाने पाडायचा. माप होतं कोलोनचा मार्क, म्हणजे सुमारे २३३.८६ ग्रॅम. एक मार्क शुद्ध चांदीतून ९ टालर, आणि तांबं मिसळलेल्या एका मार्कमधून ८. काढा हिशेब: वजन २९.२३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २५.९८ ग्रॅम. माझ्या काट्यावरचा झिजलेला ऐवज याच जातीचा. याला म्हणायचे राइख्सटालर.

शतकभर हे माप जवळपास न हलता टिकलं. शेकडो मालक, पण मोठं नाणं सगळ्यांचं खरं. नाणेसंग्राहक याचं फार कौतुक करतात. मीही करायचो. पण आता असं वाटतं की टालर खरा राहिला तो चिल्लरीच्या जिवावर. ते कसं, हे विचारलंत तर सांगतो. आधी चहा करून येतो.

शंकासुर

विधान मागे घेण्याची गरज नाही, आदेश रद्द. पण चहाच्या नावाखाली निम्मा धागा गिळू नका. चिल्लरीचं काय?

धाकटी पाती

मस्त लिहिलंय. माझा एक बाळबोध प्रश्न आहे, जरा अवांतर आहे. आमच्याकडे आईच्या डब्यात एक मोठं चांदीचं नाणं आहे. त्यावर एक जाड बाई आणि मागे दोन डोक्यांचा पक्षी. साल १७८०. पणजोबा एडनला बंदरावर कारकून होते, त्यांनी आणलेलं. हे जर्मन असू शकतं का?

हार्झकर

@धाकटी पाती, ती जाड बाई म्हणजे मारिया थेरेसा! अवांतर अजिबात नाही. पण तिच्याकडे पोहोचायला दोनशे वर्षं चालायचंय, थोडा धीर धर. तोवर नाणं सोनाराकडे नेऊन वजन करून आण. घासू-पुसू नकोस, चिंच-रिठा काही लावू नकोस.

@शंकासुर, चिल्लर अशी.

एक टालर म्हणजे उत्तरेकडे २४ ग्रोशेन, आणि एका ग्रोशेनचे १२ फेनिश. म्हणजे टालरला २८८ फेनिश. टालर पाडायला कारागीर एकदा हातोडा उचलणार. तेवढ्याच किमतीचे फेनिश पाडायला २८८ वेळा. मजुरी, कोळसा, ठशांची झीज, सगळं त्या पटीत. आणि १५५९ चा कायदा म्हणत होता की लहान नाण्यातही चांदी जवळपास त्याच प्रमाणात घाला. म्हणजे कायद्याने वागून फेनिश पाडला तर टांकसाळ बुडणार.

मग संस्थानिकांपुढे दोनच वाटा. एक, चिल्लर पाडूच नका; तसं केलं की बाजारात मोड मिळेना. दोन, चिल्लरीत तांबं वाढवा. ज्यांच्याकडे स्वतःच्या खाणी नव्हत्या त्यांना तर दुसरी वाट फारच सोयीची होती. टालरवर सगळ्यांची नजर, तो परदेशी व्यापारात चालायचा, त्यात भेसळ केली तर अँटवर्पच्या व्यापाऱ्याला आठवड्यात कळायचं. फेनिश कुणाच्या हातात? मोलकरणीच्या, पावविक्याच्या, हमालाच्या. तिथे कोण कसोटी लावतंय?

भाव बघा. १५६६ मध्ये राइख्सटालरला ६८ क्रॉयत्सर पडायचे. १६१८ ला, तीस वर्षांचं युद्ध पेटलं तेव्हा, नव्वदीच्या पुढे. टालर तोच, त्यातली चांदी तीच. खाली गेला तो क्रॉयत्सर.

सराफकट्टा

चौथ्या पिढीचा सराफ बोलतोय, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे याला बट्टा म्हणतात. पेशवाईतही टांकसाळी मक्त्यानं दिल्या जायच्या आणि एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या गावात नेला की बट्टा कापला जायचा. गिऱ्हाइकाला वाटतं सराफ लुटतो. काही लुटतातही, नाही म्हणत नाही. पण नाणंच वीस तऱ्हेचं असेल तर कुणीतरी तोलून सांगणारा लागतोच.

हार्झकर, तिकडे पोतदार, म्हणजे नाणी पारखणारा, कोण होता? आणि तो परीक्षा कशी करायचा? कसोटीच्या दगडावर चांदीचा अंदाज फार ढोबळ येतो.

हार्झकर

@सराफकट्टा, वा, हाच प्रश्न यायला हवा होता. तिकडच्या पोतदाराला वार्डाइन म्हणायचे. टांकसाळ चालवणारा वेगळा, त्याची खूण किंवा आद्याक्षरं नाण्यावर असायची, म्हणजे चोरी झाली तर मान कुणाची धरायची ते ठरलेलं. वार्डाइन त्याच्यावर लक्ष ठेवणारा. परीक्षा आगीची: नाण्याचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. शिसं आणि तांबं राखेत मुरतं, वर चांदीचा मणी उरतो, तो तोलायचा. शुद्धता 'लोट'मध्ये सांगायचे: चोख चांदी १६ लोट, एका लोटचे १८ ग्रेन. राइख्सटालर १४ लोट ४ ग्रेनचा.

साम्राज्याचे दहा विभाग होते, त्यांना क्राइस म्हणत. प्रत्येक विभागात ठरावीक काळाने परीक्षा-सभा भरायची आणि सगळ्या टांकसाळींचे नमुने तिथे आगीत जायचे. १५७० मध्ये असंही ठरलं की ज्याच्या स्वतःच्या खाणी नाहीत त्याने वाटेल तिथे टांकसाळ उघडायची नाही, विभागाच्या ठरलेल्या टांकसाळीतच नाणी पाडून घ्यायची. कागदावर व्यवस्था सुरेख होती. युद्धाच्या तोंडावर ती सभाच भरेनाशी झाली.

कोरा कागद

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. म्हणजे पुढे 'किपर उंट व्हिपर' येणार ना? शाळेत जर्मन शिकताना एका धड्यात उल्लेख होता, बाईंनी 'ते परीक्षेला नाही' म्हणून सोडून दिला.

हार्झकर

@कोरा कागद, परीक्षेला नव्हतं तेच नेमकं वाचण्यासारखं!

किपर आणि व्हिपर. तराजूचं पारडं वर-खाली करणारे, असा साधारण अर्थ. जड नाणी तोलून वेगळी काढणाऱ्या नाणेवट्यांना लोकांनी दिलेलं हे नाव. मुख्य धुमाकूळ १६१९ ते १६२३.

युद्धाला सैन्य हवं, सैन्याला पगार हवा. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूक फ्रिडरिख उलरिखच्या राज्यात तर मठांच्या आवारात, पडक्या इमारतींत टांकसाळी निघाल्या. यांना म्हणायचे 'कुंपणाआडच्या टांकसाळी'. पद्धत साधी होती. तांब्यात थोडी चांदी घालून ग्रोशेन पाडायचे. टार्टर (द्राक्षाच्या दारूतला आंबट क्षार) आणि मिठाच्या पाण्यात उकळून वरचं तांबं घालवायचं, नाणं पांढरंशुभ्र दिसतं. मग ही पोती भरून दलाल शेजारच्या संस्थानात जाणार. तिथल्या शेतकऱ्याला सांगणार, तुझा एक जुना टालर दे, मी तुला भावापेक्षा जास्त ग्रोशेन देतो. शेतकरी खूष. तो जुना टालर भट्टीत, त्यातून आणखी ग्रोशेन. दोन महिन्यांत शेतकऱ्याच्या हातातल्या ग्रोशेनवरची पांढरी साय उडते आणि खालून लालसर तांबं डोकावतं.

शेजारच्या संस्थानिकाने काय करायचं? खरी नाणी पाडली तर ती वितळायला पळवली जाणार. म्हणून तोही हिणकस पाडणार. प्रत्येक जण शेजाऱ्याला शिव्या घालत तेच करत होता.

सगळ्यात मोठा डाव प्रागमध्ये झाला. १६२२ च्या सुरुवातीला सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने बोहेमिया, मोराविया आणि खालच्या ऑस्ट्रियातली नाणेपाडणी एका मंडळीला वर्षभर मक्त्याने दिली. मंडळींत कोण होतं पाहा: बोहेमियाचा कारभार पाहणारा कार्ल फॉन लिख्टेनश्टाइन, सेनानी वालेनश्टाइन, सावकार हान्स दे विट, प्रागचा ज्यू व्यापारी याकोब बासेवी. मार्कभर चांदीतून त्यांनी ७९ गुल्डेन (इथे गुल्डेन सोन्याचा नव्हे, ६० क्रॉयत्सरचा हिशेब) काढायचं ठरलं. युद्धाआधी विशीच्या आत होते. त्या पैशाने बंडखोर सरदारांच्या जप्त जमिनी मातीमोलाने विकत घेतल्या गेल्या. वालेनश्टाइनची दौलत तिथून उभी राहिली.

शिखरावर असताना टालरला ६०० क्रॉयत्सर आणि त्याहून जास्त पडत होते. मार कुणाला बसला? ज्याचा पगार गुल्डेनच्या आकड्यात ठरलेला होता त्याला: शाळामास्तर, पाद्री, विधवा, व्याजावर जगणारे म्हातारे. खाटीक आणि पाववाले माल द्यायला नकार देऊ लागले. १६२२ मध्ये माग्डेबुर्गमध्ये दंगल होऊन माणसं मेली. व्यापाऱ्यांनी मात्र आपली सोय आधीच लावली होती. हाम्बुर्गने १६१९ मध्ये पेढी काढली, न्युर्नबर्गने १६२१ मध्ये. खरी चांदी पेढीत ठेवायची आणि व्यवहार वहीत लिहायचा, नाण्याला हातच लावायचा नाही. मी वर म्हटलं ना, टालर खरा राहिला. राहिला, पण पेढीच्या तिजोरीत.

१६२३ मध्ये सगळे शहाणे झाले कारण करही त्याच हिणकस नाण्यांत भरला जाऊ लागला. आपण शेजाऱ्याला दिलेला खोटा रुपया खजिन्यात परत येतोय म्हटल्यावर १५६६ चं माप पुन्हा आठवलं. दक्षिणेत टालर ९० क्रॉयत्सरला बांधला गेला. ऑस्ट्रियात डिसेंबर १६२३ मध्ये हिणकस 'लांब गुल्डेन'ची किंमत एका फर्मानाने जवळपास आठव्या हिश्श्यावर आणली.

शंकासुर

एक खटकलं. प्रागच्या मंडळीत लिख्टेनश्टाइनला हुद्दा, वालेनश्टाइनला 'सेनानी', आणि बासेवीचा मात्र धर्म लिहिलात. बाकीच्यांचा धर्म का नाही?

हार्झकर

@शंकासुर, बरोबर पकडलंत. वाचलेल्या मजकुरातली सवय उतरली. तेव्हाच्या पत्रकांनी आणि गाण्यांनी सगळं खापर ज्यू नाणेवट्यांवर फोडलं, चित्रं तशीच छापली. फर्मान काढणारा सम्राट, टांकसाळी उघडणारा ड्यूक, बहुतेक मक्तेदार ख्रिस्ती, हे गाण्यात येत नाही. हान्स दे विट तर कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट होता. त्याने पुढे वालेनश्टाइनच्या सैन्याला कर्ज पुरवलं आणि १६३० मध्ये दिवाळं निघाल्यावर प्रागमधल्या आपल्या घरच्या विहिरीत जीव दिला.

सव्वाशे वर्षांनी तेच पुन्हा झालं. सात वर्षांच्या युद्धात प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सॅक्सनी घेतली, लाइप्त्सिगची टांकसाळ ताब्यात आली, सॅक्सनीच्या शासकाचे ठसे हाती लागले. त्या ठशांनी हलकी नाणी पाडून शेजारी देशांत सोडायचा मक्ता एफ्राइम आणि इत्सिग या व्यापाऱ्यांना दिला. लोकांनी म्हण काढली: बाहेरून सुंदर, आतून वाईट, बाहेर फ्रेडरिक, आत एफ्राइम. नाण्यांना नाव पडलं 'एफ्राइमिट'. हुकूम फ्रेडरिकचा, नफा युद्धखात्याचा, नाव एफ्राइमचं. आणि फ्रेडरिकला आज 'महान' म्हणतात.

मांडवीकाठ

मी पणजीची. इथे गोव्याचा संबंध येतोय म्हणून लिहिते. ऑग्सबुर्गच्या फुगर आणि वेल्झर पेढ्यांनी १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारात पैसे घातले होते. वेल्झरांचा माणूस, बाल्टाझार श्प्रेंगर, त्या जहाजांवरून हिंदुस्थानात येऊन गेला. तेच आरमार अंजदीव बेटावर थांबलं आणि किल्ला बांधू लागलं. म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे जायच्या पाच वर्षं आधी, टिरोलच्या खाणींवर गब्बर झालेल्या सावकारांचा पैसा आमच्या दारात आला होता. मिऱ्यांच्या बदल्यात युरोपातून काय येणार? धातूच.

दुसरं, हाम्बुर्गमध्ये 'पोर्तुगालोझर' नावाचं सोन्याचं मोठं नाणं पाडायचे ना? ते मानुएल राजाच्या 'पोर्तुगीज' नाण्यावरून. त्या मूळ नाण्यावर राजाच्या बिरुदात इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान कोरलेले आहेत.

हार्झकर

@मांडवीकाठ, क्या बात! हे मी लिहिणारच होतो, बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्या पोर्तुगालोझरवरूनच आमच्या हार्झमधल्या एका अजब चांदीच्या नाण्याला नाव मिळालं: 'लोझर'. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक युलियुस, १५७४. दोन-अडीच टालरपासून सोळा टालरपर्यंतची नाणी, बशीएवढी. प्रजेनं आपापल्या ऐपतीप्रमाणे ती विकत घ्यायची, घरात ठेवायची, विकायची नाहीत. संकट आलं की ड्यूक ती मागवून घेणार. सक्तीची बचत म्हणा किंवा प्रजेच्या माळ्यावर ठेवलेला खजिना म्हणा. सोळा टालर म्हणजे चाळीस तोळे! एका नाण्याचे!

या घराण्याचा नाण्यांवरून बोलायचा नादच होता. याच युलियुसने १५८६ च्या सुमारास एक टालर काढला, त्यावर रानटी माणसाच्या हातात मेणबत्ती आणि चष्मा. मथितार्थ असा की ज्याला पाहायचंच नाही त्याला दिवा आणि चष्मा देऊन काय उपयोग. त्याचा मुलगा हाइनरिख युलियुस आणखी पुढचा. काही सरदार घराण्यांशी त्याचं वाजलं, तर भांडण टालरवर छापलं. आधी 'बंडखोर टालर': बायबलमधल्या मोशेविरुद्ध उठलेल्यांना धरणी गिळतेय. मग 'खोट्याचा टालर'. मग 'सत्याचा टालर': सत्यदेवता निंदेला पायाखाली तुडवतेय. १५९९ मध्ये 'चिलटांचा टालर': सिंहाला चावणारी चिलटं. चिलटं म्हणजे कोण, हे सरदारांना कळलं असणारच. आजच्या समाजमाध्यमांवरची भांडणं निदान चांदीत तरी पाडली जात नाहीत.

आणि एक, माझा सर्वात आवडता. १६२२. ब्राउनश्वाइगचा ख्रिस्तियान, हाल्बरश्टाटचा प्रोटेस्टंट प्रशासक, सैन्य घेऊन पाडरबोर्नमध्ये घुसला आणि कॅथीड्रलमधली संत लिबोरियसची चांदीची पेटी उचलली. ती वितळवून टालर पाडले, त्यांवर कोरलं: 'देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू'. लूटमारच ती. पण लुटारू पावती देऊन गेला.

सराफकट्टा

चाळीस तोळ्यांचं नाणं हातोड्यानं पाडायचे? ठसा एका फटक्यात उमटणं शक्य नाही.

हार्झकर

@सराफकट्टा, लहान नाणी हातोड्यानं जमतात. मोठ्या चकतीला यंत्रच बरं. सोळाव्या शतकात हालच्या टांकसाळीत लाटण्याचं यंत्र बसलं: ठसे दोन रुळांवर कोरलेले, पाणचक्कीवर रूळ फिरतात, चांदीची पट्टी मधून जाते, मग नाणी कापून काढायची. अशी नाणी किंचित वाकलेली असतात, टेबलावर ठेवली की डुलतात. स्पेनच्या राजाने हीच यंत्रं आणि कारागीर हालहून सेगोवियाला नेले.

बाकी पुढचा इतिहास भराभर. टालरचं माप नंतर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलं: १६६७ मध्ये त्सिन्ना गावी ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनीने मार्कला साडेदहा केले, १६९० मध्ये लाइप्त्सिगला बारा, १७५० मध्ये प्रशियात टांकसाळींचा प्रमुख ग्राउमान याने चौदा. तो चौदाचा टालर पुढे सगळ्यांना गिळून बसला. जर्मनी एक झाल्यावर एका टालरचे तीन मार्क (हा मार्क चलनाचा, वजनाचा नव्हे) ठरले आणि शेवटचे टालर १९०७ पर्यंत बाजारात चालले.

@धाकटी पाती, आता तुझी बाई. १७५३ मध्ये ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाने मार्कला दहा टालर असा करार केला. वजन २८ ग्रॅम आणि वर थोडं, चांदी हजारात ८३३ भाग. मारिया थेरेसाचा हा टालर लेव्हांट (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा), येमेन, इथिओपियात इतका चालला की १७८० मध्ये राणी वारली तरी साल बदलायचं धाडस कुणी केलं नाही. बाईच्या छबीखाली S आणि F ही अक्षरं आहेत का बघ, ती आज बव्हेरियात असलेल्या ग्युन्त्सबुर्ग टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांची. कडेवर लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया' असं कोरलेलं सापडेल. मात्र १७८० साल सगळ्यांवर आहे, नंतरच्या दीड-दोनशे वर्षांतल्यांवरसुद्धा. १९३५ मध्ये इटलीने ठसे मिळवून रोममध्ये पाडले, मग ब्रिटिशांनी लंडनमध्ये, आणि १९४०-४१ मध्ये चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत! पणजोबा एडनहून कधी परतले?

धाकटी पाती

सोनाराकडे जाऊन आले. २८ ग्रॅम भरलं. S आणि F दोन्ही आहेत, मध्ये टिंबं. कडेवरची अक्षरं सोनारकाकांनी भिंगातून वाचली. ते म्हणाले, वितळवायला आणलंय का. मी हातातून काढूनच घेतलं.

आईला विचारलं. पणजोबा युद्ध संपल्यावर परतले म्हणे, १९४६ च्या आसपास.

शंकासुर

म्हणजे नाणं कदाचित फोर्टात जन्मलं, बोटीनं एडनला गेलं आणि पणजोबांच्या खिशातून परत मुंबईला आलं. जाड बाईचा हवापालट!

हार्झकर

@शंकासुर, अगदी शक्य आहे. @धाकटी पाती, खांद्यावरच्या पिनेचा आणि मागच्या गरुडाच्या शेपटीचा जवळून, स्वच्छ उजेडात फोटो टाक. टांकसाळी ओळखायच्या खुणा तिथेच असतात. तिकडचे लोक पिनेवरचे मोती मोजून मगच नाणं घ्यायचे असं सांगतात, तूही मोज.

धाकटी पाती

मोती नऊ मोजले, आईनं आठ. फोटो रविवारी काढते, आत्ता नाणं परत डब्यात गेलंय. आणि आईचा निरोप आहे: राणी आहे ती, जाड बाई म्हणायचं नाही.